छळ, थाप आणि आखात : अमेरिकी वृत्तपत्रांच्या शब्दयोजनेविषयी

७ ऑगस्ट २०१४ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'चे तत्कालीन कार्यकारी संपादक डीन बाके यांनी वाचकांसाठी एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. निवेदनाचा विषय एक शब्द हा होता. कैद्याकडून माहिती काढून घेण्यासाठी त्याला वेदना दिल्या गेल्या हे जेथे निश्चितपणे ठाऊक आहे, तेथे आपले पत्र यापुढे 'टॉर्चर' हा शब्द वापरील, असे त्यांनी जाहीर केले. ज्या घटनांमुळे हा प्रश्न उद्भवला त्या मुख्यतः २००२ आणि २००३ सालच्या. म्हणजे शाळकरी मुलालाही अर्थ ठाऊक असलेल्या एका शब्दापाशी येऊन पोहोचण्यास जगातील एका अत्यंत प्रतिष्ठित वृत्तपत्राला अकरा-बारा वर्षे लागली. त्याच्या आठवडाभर आधी, १ ऑगस्टला, खुद्द अध्यक्ष ओबामा यांनी पत्रकार परिषदेत तो शब्द उच्चारला होता. राज्यकर्त्याने आधी म्हणावे आणि वृत्तपत्राने मागाहून म्हणावे, हा क्रम वाचकांनी ध्यानात घ्यावा. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन त्यातच आहे.

अमेरिकेच्या राजकारणाविषयी आपल्याकडे हिरिरीने बोलले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांतील मुले-नातवंडे तिकडे स्थायिक झालेली आहेत. परंतु ते राजकारण ज्या भाषेतून आपल्यापर्यंत येते, त्या भाषेची चिकित्सा मात्र क्वचितच होते. कविता-कादंबरीतील शब्दयोजनेचा कीस काढणारे आपण बातमीतील शब्द मुकाट्याने गिळतो. आमची भूमिका उदारमतवादी आहे, हे आरंभीच सांगून टाकणे बरे. मात्र उदारमतवादी म्हणविणाऱ्या पत्रांवर आमचा रोष अधिक आहे, हेही पुढे दिसून येईलच.

प्रथम त्या शब्दाची हकिकत पाहू. माणसाला फळीवर उताणे बांधायचे, तोंडावर फडके टाकायचे आणि त्यावर पाणी ओतत राहायचे, म्हणजे त्याला आपण बुडत आहोत असे वाटू लागते. या कृतीला 'वॉटरबोर्डिंग' हे नाव अलीकडे मिळाले, पण कृती जुनी आहे. फिलिपाइन्समधील युद्धात असाच पाण्याचा प्रयोग केल्याबद्दल १९०२ साली एडविन ग्लेन या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यावर लष्करी न्यायालयात खटला झाला आणि तो दोषी ठरला. शिक्षा मात्र महिनाभराची निलंबनाची आणि पन्नास डॉलर दंडाची! दुसऱ्या महायुद्धानंतर टोकियोच्या न्यायाधिकरणाने जपान्यांच्या छळप्रकारांत या पाण्याच्या उपचाराची गणना केली. १९८३ साली टेक्सासमधील एका शेरीफला कैद्यांवर हाच प्रयोग केल्याबद्दल दहा वर्षांची सजा झाली. या सर्व काळात ह्या कृतीस काय म्हणावे, असा प्रश्न कोणा उपसंपादकाला पडला नव्हता.

तो २००१ नंतर पडला. १ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकी न्याय खात्याच्या विधिसल्लागार कार्यालयाने एक टिपण तयार केले. त्यावर जे बायबी यांची सही होती, आणि मसुदा प्रामुख्याने जॉन यू यांचा होता. अवयव निकामी होणे, शरीराचे एखादे कार्य बंद पडणे किंवा मृत्यूच येणे, अशा प्रसंगी होणाऱ्या वेदनेइतकी वेदना झाली तरच तो कायद्याच्या अर्थाने 'टॉर्चर', असा त्यात निर्वाळा होता. एका शब्दाची व्याख्या इतकी आवळली की तिच्यात काही मावेचना. त्याच महिन्यात अबू झुबेदा या कैद्यावर त्र्याऐंशी वेळा, आणि मार्च २००३ मध्ये खालिद शेख मोहम्मद याच्यावर एकशे त्र्याऐंशी वेळा हा प्रयोग करण्यात आला. हे आकडे सरकारच्याच कागदपत्रांतून एप्रिल २००९ मध्ये उघड झाले. सरकारने या सर्वांस नाव दिले होते 'चौकशीची वर्धित तंत्रे'. हा शब्दप्रयोग कानाला एखाद्या कारखान्यातील सुधारित यंत्रासारखा लागतो.

सरकारने शब्द बदलावेत यात नवल नाही. सरकारे ते करीतच असतात. नवल वृत्तपत्रांचे आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या केनेडी स्कूलमधील विद्यार्थ्यांनी २०१० साली एक साधी मोजणी प्रसिद्ध केली. १९३० च्या दशकापासून १९९९ पर्यंत 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये या कृतीचा उल्लेख करणारे ५४ लेख निघाले, त्यांपैकी ४४ लेखांत तिला छळ म्हटले होते अथवा तसे सूचित केले होते. २००२ ते २००८ या काळात असे १४३ लेख निघाले, आणि त्यांत छळ म्हणणारे अवघे दोन! 'लॉस एंजलिस टाइम्स'चे प्रमाण २७ पैकी २६ वरून ६३ पैकी तिनावर उतरले. कृती तीच, फडके तेच आणि पाणीही तेच. बदलला होता तो करणारा. परदेशी राजवट हे करीत असे तेव्हा जुना शब्द पुरत होता, आपले सरकार करू लागले तेव्हा तो 'वादग्रस्त' झाला.

यावर 'टाइम्स'च्या वतीने जे उत्तर देण्यात आले ते आम्हांस मूळ दोषाहूनही बोधक वाटते. ही कृती म्हणजे छळ नव्हे असे बुश प्रशासनातील वरिष्ठ अधिकाऱ्यांसह तिचे समर्थक आग्रहाने म्हणत असल्यामुळे तो शब्द वापरणे म्हणजे राजकीय वादात एका बाजूस उभे राहणे झाले असते. म्हणून वाचकांस माहिती द्यावी आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा असे धोरण ठेवले, असा त्याचा आशय होता. हे वरकरणी किती समंजस वाटते! परंतु याचा अर्थ असा की एखाद्या शब्दाचा रूढ अर्थ काढून घ्यायचा असेल तर पुराव्याची गरज नाही. सत्तेवरील माणसाने 'मला हे मान्य नाही' एवढे म्हटले की पुरे. वाद निर्माण करण्याचे सामर्थ्य ज्याच्यापाशी आहे, शब्दकोशही त्याच्याच हाती जातो.

आपण दुरून हसावे असे मात्र यात काही नाही. 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली' हे वाक्य मराठी दैनिकांच्या गुन्हेगारीवृत्तात आपण किती वेळा वाचले असेल? पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तरीही वार्ताहर ते वाक्य काहीशा कौतुकानेच लिहितो आणि आपण चहाबरोबर ते वाचून पान उलटतो. 'खाक्या' या शब्दात मार दडलेला आहे हे सर्वांना ठाऊक असते. अमेरिकी उपसंपादकाने निदान बारा वर्षे संकोच तरी केला. आमच्याकडे संकोचाचाही पत्ता नाही.

या संकोचाचे मूळ अमेरिकी वृत्तपत्रसृष्टीच्या घडणीत आहे. १८४६ साली स्थापन झालेल्या 'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेला निरनिराळ्या पक्षांच्या पत्रांना एकच बातमी विकायची होती, त्यामुळे बातमीत मत असून चालणारे नव्हते. पुढे १८९६ मध्ये अ‍ॅडॉल्फ ऑक्स यांनी 'टाइम्स' हाती घेतला तेव्हा निष्पक्ष वृत्त हीच त्याची प्रतिज्ञा केली. आपली परंपरा याच्या अगदी उलट दिशेने चाललेली. 'केसरी' किंवा 'सुधारक' हाती घेणाऱ्या वाचकास संपादक कोणत्या बाजूचा आहे हे पहिल्या ओळीतच कळे; टिळक आणि आगरकर यांच्यात वाद होता, पण आपणास मत नाही असा देखावा दोघांपैकी एकानेही केला नाही. आम्ही एक पद्धत श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे म्हणत नाही. मतपत्रांनी केलेली हानीही आम्ही पाहिली आहे, आणि वस्तुनिष्ठेच्या शिस्तीने अमेरिकेत जे उत्तम शोधकार्य घडले त्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु त्या शिस्तीत एक फट आहे, आणि धूर्त माणसाला ती चटकन सापडते.

जोसेफ मॅकार्थी या सिनेटरला ती सापडली होती. ९ फेब्रुवारी १९५० रोजी व्हीलिंग या गावी, परराष्ट्र खात्यातील कम्युनिस्टांची यादी आपल्या हाती आहे असे त्याने सांगितले. आकडा दर मुक्कामी बदलत गेला. वार्ताहरांनी आकडा छापला आणि बदललेला आकडाही छापला. सिनेटर असे म्हणाला ही वस्तुस्थिती होती, त्यामुळे बातमी 'खरी' होती; सिनेटर जे म्हणाला ते खरे होते काय, हा प्रश्न बातमीच्या चौकटीबाहेर राहिला. एडवर्ड मरो यांनी आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून त्याच्यावर थेट बोट ठेवले ते ९ मार्च १९५४ रोजी. चार वर्षांच्या या अवकाशात कितीतरी निरपराधांच्या नोकऱ्या गेल्या.

इराक युद्धाच्या वेळी हीच फट आणखी रुंदावली. ८ सप्टेंबर २००२ च्या रविवारी 'टाइम्स'च्या पहिल्या पानावर मायकेल गॉर्डन आणि ज्युडिथ मिलर यांची बातमी आली : इराक खास बनावटीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहत असून अधिकाऱ्यांच्या मते त्या अणुबॉम्बच्या तयारीसाठी आहेत. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी त्या बातमीचाच हवाला दिला. अधिकाऱ्यांनी नाव न सांगता जे पत्राच्या कानात सांगितले, तेच त्यांचे वरिष्ठ आता पत्राच्या नावाने जगाला सांगत होते. एकाच माणसाचा आवाज भिंतीवर आपटून परत यावा आणि त्यास दुसरा साक्षीदार समजावे, असा हा प्रकार. नाइट रिडर या कंपनीच्या वॉशिंग्टन कार्यालयातील जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे वार्ताहर याच सुमारास मधल्या फळीतील अधिकाऱ्यांशी बोलून या दाव्यांविषयी शंका व्यक्त करीत होते. परंतु त्यांच्या कंपनीचे वॉशिंग्टनात वा न्यूयॉर्कमध्ये पत्र नव्हते, आणि राजधानीत जे वाचले जात नाही ते तेथे घडलेही नाही असे मानण्याची प्रथा आहे. 'टाइम्स'ने आपल्या वार्तांकनातील उणिवांची कबुली २६ मे २००४ रोजी दिली, तीही आतल्या दहाव्या पानावर. युद्ध सुरू होऊन तेव्हा चौदा महिने झाले होते.

आता दुसरा शब्द. इंग्रजीत ज्यास 'लाय' म्हणतात त्यास मराठीत आम्ही 'थाप' म्हणू, कारण 'असत्य' आणि 'थाप' यांत आपली भाषा नेमका भेद करते. अजाणता सांगितलेले चुकीचे असते ते असत्य. जाणूनबुजून मारली जाते ती थाप. डोनाल्ड ट्रम्प यांच्या उदयानंतर अमेरिकी संपादक नेमके याच भेदापाशी अडखळले. ओबामांचा जन्म अमेरिकेत झाला नाही, हा प्रवाद ट्रम्प यांनी वर्षानुवर्षे चालविला आणि १६ सप्टेंबर २०१६ रोजी सोडून दिला. दुसऱ्या दिवशी 'टाइम्स'ने पहिल्या पानावरील मथळ्यात 'लाय' हा शब्द छापला, तेव्हा वृत्तपत्रसृष्टीत केवढी खळबळ उडाली! 'वॉल स्ट्रीट जर्नल'चे तेव्हाचे संपादक जेरार्ड बेकर यांनी १ जानेवारी २०१७ रोजी, हा शब्द हेतू सूचित करतो म्हणून आपण तो जपून वापरू, असे सांगितले. सार्वजनिक नभोवाणीच्या वार्ताहराने ऑक्सफर्डचा शब्दकोश काढून हेच सांगितले. 'वॉशिंग्टन पोस्ट'ने मधला मार्ग पत्करला. चार वर्षांतील ३०,५७३ खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या विधानांची नोंद केली, पण त्यांतील फारच थोड्यांना थाप म्हटले.

हेतूविषयीची ही दक्षता आम्ही सर्वस्वी चुकीची मानीत नाही. दुसऱ्याच्या मनात शिरता येत नाही हे खरेच आहे. परंतु चूक दाखवून दिल्यानंतर तेच विधान शंभर वेळा करणाऱ्याचा हेतू जाणण्यासाठी अंतर्ज्ञान लागत नाही. आणि एकदा तर न्यायालयानेच ते मन उघडून दाखविले. २०२० ची निवडणूक यंत्रांच्या साहाय्याने चोरली गेली, असे दावे 'फॉक्स न्यूज' वाहिनीवरून पसरविले गेल्याबद्दल डोमिनियन या मतदानयंत्रे बनविणाऱ्या कंपनीने खटला भरला. त्या खटल्यात वाहिनीतील खाजगी संदेश बाहेर आले. ट्रम्प यांच्या बाजूने हे दावे करणाऱ्या वकील सिडनी पॉवेल थापा मारीत आहेत, असे टकर कार्लसन या निवेदकाने आपल्या सहकाऱ्यास नोव्हेंबर २०२० मध्येच लिहिले होते, आणि त्याने जो शब्द योजिला तो हाच! जो शब्द सभ्य संपादक पहिल्या पानावर छापण्यास कचरत होते, तो दावे प्रक्षेपित करणाऱ्या वाहिनीतच एकमेकांत सहजपणे वापरला जात होता. १८ एप्रिल २०२३ रोजी, खटल्याची सुनावणी सुरू व्हायच्या सुमारास, वाहिनीने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. प्रेक्षकांची जाहीर माफी मागण्याची अट त्या तडजोडीत नव्हती. पैसे कंपनीला मिळाले; फसविला गेलेला प्रेक्षक होता तेथेच राहिला.

येथवर वाचून आमच्या पक्षाच्या वाचकांना समाधान वाटत असेल, तर त्यात थोडा खडा टाकणे आमचे कर्तव्य आहे. जून २०२४ च्या आरंभी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने अध्यक्ष बायडन यांच्या वयोमानाच्या खुणा बंद दाराआडच्या बैठकांत कशा दिसत आहेत याचा वृत्तांत दिला, तेव्हा उदारमतवादी गोटातून त्या पत्रावर टीकेचा भडिमार झाला. १७ जूनला व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यांनी, अध्यक्ष गोंधळलेले दिसतात अशा चित्रफितींना 'चीप फेक' असे नाव दिले. एक चित्रफीत खरोखरच कापून फसवी केलेली होती : इटलीतील परिषदेत अध्यक्ष ज्या छत्रीधारी सैनिकाशी बोलत होते तोच चौकटीबाहेर ठेवला होता. पण त्या एका खऱ्या उदाहरणाच्या आड बाकीचे सर्व झाकण्याची सोय झाली, आणि जी माध्यमे 'वर्धित तंत्रे' ह्या सरकारी शब्दाची टवाळी करीत होती त्यांतील अनेकांनी हा सरकारी शब्द निमूटपणे उचलला. अवघ्या दहा दिवसांनी, २७ जूनच्या वादसभेत, कोट्यवधी लोकांनी डोळ्यांनी पाहायचे ते पाहिले. २१ जुलैला बायडन निवडणुकीतून बाहेर पडले. आपल्या बाजूच्या सरकारने दिलेला शब्द गोड लागतो, एवढाच फरक. ट्रम्प यांच्या अनुयायांना 'वृत्तपत्रे लपवितात' असे म्हणण्यास यापूर्वी पुष्कळदा आधार नव्हता. या वेळी तो आमच्याच लोकांनी पुरविला, आणि त्याची किंमत नोव्हेंबरात चुकती झाली असे आमचे मत आहे.

त्यानंतरचा काळ अधिक कठीण आला, कारण आता चुकीच्या शब्दासाठी केवळ शंका नव्हे, तर दंड पुढे आला. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने लेखिका इ. जीन कॅरल यांच्या दिवाणी दाव्यात ट्रम्प यांना लैंगिक अत्याचारासाठी जबाबदार धरले. ट्रम्प हा आरोप नाकारीत आले आहेत. ज्यूरीने 'बलात्कार' हा शब्द लावला नव्हता, कारण त्या राज्याच्या कायद्यातील त्याची व्याख्या फार अरुंद होती. न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी पुढे स्पष्ट केले की सामान्य बोलण्यात ज्यास पुष्कळ लोक बलात्कार म्हणतात तेच घडल्याचे ज्यूरीस आढळले होते. मार्च २०२४ मध्ये एबीसी वाहिनीचे जॉर्ज स्टेफानोपोलस यांनी मुलाखतीत तो शब्द वापरला. ट्रम्प यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, ट्रम्प निवडून आल्यानंतर, वाहिनीने त्यांच्या भावी अध्यक्षीय संग्रहालयास दीड कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. निवेदकाने ज्यूरीच्या निर्णयाचा शब्द अचूक सांगायला हवा होता, हे आम्ही मान्य करतो. परंतु हा दावा न्यायालयात लढविण्याजोगा होता आणि तो लढविला गेला नाही. बायबी यांच्या टिपणातील युक्ती येथे पुन्हा दिसते : कायद्याचा अरुंद अर्थ आणि बोलीचा रुंद अर्थ यांमधली भेग. तेव्हा त्या भेगेत एक शब्द नाहीसा झाला होता, आता पैसेही जाऊ लागले.

म्हणूनच तिसऱ्या शब्दाची कथा आम्हांस महत्त्वाची वाटते. २० जानेवारी २०२५ रोजी, शपथविधीच्याच दिवशी, ट्रम्प यांनी आदेश काढून मेक्सिकोच्या आखाताला 'अमेरिकेचे आखात' असे नाव दिले. त्याच आदेशाने अलास्कातील डेनाली शिखराला मॅकिन्ली हे जुने नाव पुन्हा दिले. 'असोसिएटेड प्रेस'ने विचार करून आपली रीत ठरविली. शिखर संपूर्णपणे अमेरिकेच्या हद्दीत आहे, त्याचे नाव बदलण्याचा अध्यक्षांना अधिकार आहे, म्हणून मॅकिन्ली लिहायचे. आखात चारशेहून अधिक वर्षे त्या नावाने ओळखले जाते, त्याच्या काठी इतर देशही आहेत, आणि वृत्तसंस्था साऱ्या जगाला बातमी पुरविते. म्हणून मेक्सिकोचे आखात असेच लिहायचे, नव्या नावाची नोंद मात्र करायची. सत्तेला विरोध करायचा म्हणून विरोध यात नाही. एक नाव स्वीकारले, दुसरे नाकारले, आणि दोन्हींची कारणे सांगितली. गेल्या पाव शतकात अमेरिकी वृत्तव्यवसायाने शब्दाविषयी घेतलेला इतका स्वच्छ निर्णय आम्हांस दुसरा आठवत नाही.

नावाचा प्रश्न किरकोळ आहे असे म्हणणाऱ्यास आम्ही सीमाभागातील मंडळी काय उत्तर देणार! १ नोव्हेंबर २०१४ पासून आमचे बेळगाव सरकारी कागदावर 'बेळगावी' झाले. आम्ही घरी, पत्रांत आणि या त्रैमासिकात बेळगावच लिहितो, आणि पाकिटावर जे लिहावे लागते ते लिहितो. डेनाली आणि आखात यांतील भेद लावून पाहिला तर आमची बाजू कायद्याने शिखराची ठरते, हे अप्रिय असले तरी येथे सांगितले पाहिजे. अध्यक्षांचा अधिकार कोठवर चालतो हा एक प्रश्न, आणि माणसे घरात काय म्हणतात हा दुसरा.

११ फेब्रुवारी २०२५ रोजी 'असोसिएटेड प्रेस'च्या वार्ताहरास अध्यक्षांच्या कार्यालयातील कार्यक्रमास मज्जाव करण्यात आला. संस्थेने दावा लावला. ८ एप्रिलला न्यायाधीश ट्रेव्हर मॅकफॅडन यांनी, ज्यांची नेमणूक ट्रम्प यांनीच पहिल्या कारकिर्दीत केली होती, शब्दयोजनेबद्दल अशी शिक्षा देणे घटनेस धरून नाही असा निकाल दिला. आठवडाभरात व्हाइट हाउसने वृत्तसंस्थांसाठी राखून ठेवलेली कायमची जागाच रद्द केली, म्हणजे कोणा एकाला वगळले असे म्हणावयास नको. ६ जूनला अपील न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने, छोट्या जागांपुरती का होईना, निकालाची अंमलबजावणी थांबविली. इतर मोठ्या वृत्तसंघटनांनी निषेधपत्रावर सह्या केल्या, पण सहकाऱ्यास बाहेर ठेवले असता आपण आत बसणार नाही, असे म्हणून त्या उठून गेल्या नाहीत. संस्था मात्र आपले नाव लिहीतच राहिली. गूगलने फेब्रुवारी २०२५ मध्येच आपल्या नकाशाची सोय लावून टाकली : अमेरिकेत एक नाव, मेक्सिकोत दुसरे, आणि आपल्यासारख्या इतर देशांतील पाहणाऱ्यांस त्या पाण्यावर दोन्ही, दुसरे कंसात.